वकील न लावता परस्पर संमतीने घटस्फोट : अर्ज, अटी आणि तारखा

कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ नुसार या कोर्टात वकील उभा करणं हा पक्षकाराचा हक्क नाही. वकील हवा असेल तर कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. स्वतःचं म्हणणं स्वतः मांडायचं, हाच तिथला मूळ नियम. त्यामुळे नवरा-बायको दोघांनाही वेगळं व्हायचं असेल आणि पैसा, मुलं, घर यांवर खरोखर एकमत झालं असेल, तर वकिलाशिवाय काम नीट होतं.

एकाची तयारी नसेल, मारहाण किंवा धमक्या असतील, तर मात्र ही वाट धरू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइनचा नंबर १५१००.

पुढची माहिती हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३-ब बद्दल आहे. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही हाच कायदा लागतो. विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न झालं असेल तर कलम २८ लागतं, पण रीत जवळपास तीच. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी जोडप्यांचे कायदे वेगळे आहेत, गोव्यातही वेगळा नागरी कायदा चालतो.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा, कारण त्यात माणसं फार वाईट अडकतात. नोटरीसमोर स्टॅम्पपेपरवर लिहिलेली फारकत किंवा सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. एखाद्या समाजात काडीमोडाची रूढी असेल तर कलम २९ ती मानतं, पण ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. तशी ती सिद्ध झाली नाही तर पहिलं लग्न कायम राहतं आणि त्यानंतर केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं.

अर्ज कुठे आणि कधी

लग्न जिथे लागलं, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिलात किंवा पत्नी सध्या जिथे राहते, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज चालतो. त्या भागासाठी कौटुंबिक न्यायालय नसेल तर महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जायचं.

अर्जाच्या दिवशी तुम्हाला वेगळं राहून किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे नवरा-बायकोच्या नात्याने एकत्र न राहणं. भाडं परवडत नाही म्हणून एकाच घरात दोन खोल्यांत राहत असाल तरी चालतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेश्ता देवी प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. फक्त ते याचिकेत उघडपणे लिहा. पत्ता एकच दिसतो आणि याचिकेत खुलासा नाही, असं झालं की न्यायाधीशांचा पहिला प्रश्न तिथेच येतो.

वेगळं झाल्याची तारीख सगळीकडे एकच हवी. याचिकेत '१० मार्च २०२३ पासून', प्रतिज्ञापत्रात 'सुमारे दोन वर्षांपासून' आणि समुपदेशकासमोर तिसरंच काही, असं झालं की प्रकरण दुरुस्तीसाठी लांबतं.

याचिका

मराठीत लिहिलेली याचिका चालते. दोघंही अर्जदार असता, क्रमांक १ आणि क्रमांक २. वय, धंदा-नोकरी, पत्ता, लग्नाची तारीख आणि ठिकाण, मुलांची नावं आणि जन्मतारखा, वेगळं राहायला लागल्याची तारीख, एकत्र नांदणं शक्य नाही आणि संमती दबावाखाली दिलेली नाही हे विधान, दुसऱ्या कोर्टात काही प्रकरण चालू असेल तर त्याचा नंबर, ठरलेल्या अटी, आणि शेवटी विनंती. भांडणाची कहाणी लिहू नका. इथे दोष सिद्ध करायचा नसतो, उलट आरोप लिहिले की संमतीवरच शंका येते.

नावांकडे बारीक लक्ष द्या. आधारवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, पॅनवर तिसरंच स्पेलिंग, हे नेहमीचं आहे. याचिकेच्या शीर्षकातच 'ऊर्फ' घालून सगळी नावं लिहा. हुकूमनाम्यात (घटस्फोटाच्या अंतिम आदेशात) एखादं नाव राहून गेलं तर पुढे पासपोर्ट आणि बँकेत तेच आडवं येतं.

सोबत लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका आणि लग्नातला फोटो), दोघांचं आधार आणि पॅन, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि मुलांचे जन्मदाखले. तीन संच करा, एक कोर्टाला आणि एकेक दोघांना. कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे बाहेर कोणी महागडा स्टॅम्पपेपर गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. ई-फायलिंग करायला सांगितलं तर कोर्टातल्या ई-सेवा केंद्रात मदत मिळते. नोंदणी झाली की अक्षरं आणि आकडे मिळून १६ चिन्हांचा सीएनआर नंबर (प्रकरणाचा ओळख क्रमांक) मिळतो. तो ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते.

अटी : सगळं काम इथे आहे

याचिका कोणीही टाइप करून देईल. पुढची दहा वर्षं तुमच्या कामी येणार आहेत त्या संमतीच्या अटी, म्हणून सगळा वेळ त्यांनाच द्या. 'पती योग्य ती पोटगी देईल आणि मुलाला भेटू शकेल' असं लिहिलेला कागद भांडण उभं राहिलं की काहीच कामाचा नाही. तीच अट अशी लिहा (इथे क्र. १ पत्नी, क्र. २ पती; पहिला जबाब अर्जानंतर होतो, अंतिम जबाब नंतर पुन्हा येऊन संमती सांगताना) :

'अर्जदार क्र. २ हे अर्जदार क्र. १ यांना कायमस्वरूपी पोटगीपोटी एकूण रु. ८,००,००० देतील. पैकी रु. ३,००,००० पहिल्या जबाबाच्या दिवशी व रु. ५,००,००० अंतिम जबाबाच्या दिवशी न्यायालयासमोर डिमांड ड्राफ्टने देतील. मुलाचा ताबा आईकडे राहील. वडील दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी १० ते सायंकाळी ६ मुलाला नेतील व घरी आणून सोडतील.'

रक्कम, दिवस, वेळ आणि पैसे देण्याची पद्धत यांतलं काही सोडू नका. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीची वाटणी आत्ताच करा. स्त्रीधनाची यादी वजनासकट जोडा आणि मिळालं असेल तर 'मिळाले' असं लिहून घ्या.

पैसे दोन हप्त्यांत का? अंतिम हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. सगळी रक्कम आधी दिली तर देणारा अडकतो, सगळी शेवटी ठेवली तर घेणारी. आणि ड्राफ्ट फक्त तीन महिने चालतो, म्हणून दुसऱ्या हप्त्याचा ड्राफ्ट तारखेच्या आठवड्यातच काढा.

मुलाची पोटगी आई-वडिलांनी परस्पर सोडून दिली, तरी मुलाचा हक्क बुडत नाही. 'पत्नी मुलासाठी काहीही मागणार नाही' ही अट न्यायाधीशांना खटकते, आणि खटकायलाच हवी.

फ्लॅटचं नीट समजून घ्या. दोघांच्या नावावर कर्ज असेल तर तुमच्या अटी बँकेला बांधील नाहीत. बँकेकडून नाव कमी झाल्याचं पत्र हवंच. घर एकाच्या नावावर करायचं असेल तर नोंदणीकृत दस्त करा. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर स्थानिक उपकर लागतो. ही सवलत नवरा-बायकोला आहे, म्हणजे हुकूमनामा झाल्यावर ती गेली. दस्ताची तारीख पहिल्या आणि अंतिम जबाबाच्या मध्ये ठेवा आणि तसं अटींतच लिहा.

४९८-अ चा (नवरा किंवा सासरच्यांकडून छळाचा, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) गुन्हा दाखल असेल तर दोघांनी मिटवलं तरी तो आपोआप संपत नाही. तो रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. या एका कामासाठी तरी वकील घ्या.

तारखा

नोंदणीनंतर विवाह समुपदेशक दोघांशी एकेकटं आणि एकत्र बोलतात. समेट घडवायचा प्रयत्न करणं हे कायद्याने या कोर्टाचं कर्तव्यच आहे, तेव्हा चिडू नका आणि पाठ केलेली उत्तरंही देऊ नका. मग न्यायाधीशांसमोर पहिला जबाब होतो. संमती स्वखुशीची आहे का, अटी वाचल्या का, स्त्रीधन मिळालं का, असे प्रश्न असतात. आपल्या अटी आपल्याला तोंडी सांगता आल्या पाहिजेत.

अर्जाच्या तारखेपासून सहा महिने थांबावं लागतं आणि १८ महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१७ रोजी अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलं की हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं. त्यासाठी अर्ज दाखल होण्याआधीच वेगळं राहून साधारण दीड वर्ष झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी-ताब्याचा प्रश्न मिटलेला असावा. माफीचा स्वतंत्र अर्ज पहिल्या जबाबानंतर आठवड्याने करता येतो. वेगळं राहून जेमतेम वर्ष झालं असेल तर हा अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

एखाद्या तारखेला येणं जमत नसेल तर जोडीदाराच्या हाती तसा अर्ज द्या. दोघंही न सांगता गैरहजर राहिलात तर प्रकरण निकालीच निघतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

हुकूम झाल्यावर नक्कल विभागात त्याच दिवशी अर्ज करून हुकूमनाम्याच्या किमान तीन प्रमाणित प्रती मागा. झेरॉक्स पासपोर्ट कार्यालयात चालत नाही. पीएफ, विमा, बँक आणि डीमॅट या सगळीकडचं नामनिर्देशन त्याच आठवड्यात स्वतः जाऊन बदला. हुकूमनामा झाला म्हणून पॉलिसीवरचं जुनं नाव कोणी खोडत नाही.