आजोबांची बंदूक, तिच्यावरचं नाव आणि पुढचं सगळं

मी कोरीवकाम करते. करंडकांवरची नावं, घड्याळाच्या पाठीवरचा मजकूर, अंगठीच्या आतली तारीख, असली कामं. वर्षातून एक-दोनदा तरी कुणीतरी मोबाइल पुढे करतं. फोटोत जुनी दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक असते आणि तिच्यावर कुणाची तरी आद्याक्षरं. "हे नाव काढता येईल का?" मी विचारते, बंदूक आहे कुठे? "कपाटात." परवाना कुणाचा? "बाबांचा. ते गेले मागच्या वर्षी."

अशा वेळी मी सांगते की नाव राहू द्या बाजूला, तो प्रश्न सगळ्यात शेवटचा. आमच्याच घरात आम्ही उलट्या टोकापासून सुरुवात केली होती, म्हणून सांगते. आजोबांची बंदूक बाबांकडे आली आणि बाबांच्या मागे माझ्याकडे आणि भावाकडे. भावाला ती विकायची होती. आत्या म्हणाली, माझ्या वडिलांचं नाव आहे त्यावर, हात लावाल तर बघा. दोन महिने आम्ही नावावरून भांडलो आणि त्या दोन महिन्यांत नळीत काडतूस आहे की नाही हे कुणी पाहिलं नव्हतं.

तर पहिलं काम तेच. बंदूक भरलेली आहे असंच धरून चाला, मग ती कितीही वर्षं पडून असो. नळीचं तोंड माणसांकडे नको, बोट चापापासून लांब, मुलं दुसऱ्या खोलीत. उघडायची कशी हे माहीत नसेल तर उघडू नका, जाणत्या माणसाला बोलवा. माझ्या भावाने "बघू रिकामी आहे का" म्हणत चाप ओढला होता. ती तपासायची पद्धत नव्हे, तो जुगार आहे. घोडे, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारे खटके, बाहेरून दिसणारी जुन्या घाटाची बंदूक असेल तर अर्धवट चढवलेल्या घोड्यावर विसंबू नका, आतली खाच झिजलेली असू शकते. काडतुसं सापडली तर ती वेगळी ठेवा. कागदी वेष्टनाची जुनी काडतुसं दमट हवेने फुगतात, नळीत अडकतात. ती कचऱ्यात टाकायची नाहीत, उडवूनही बघायची नाहीत. पोलिसांना किंवा परवानाधारक विक्रेत्याला विचारून त्यांच्या हवाली करायची.

दुसरं काम कागदाचं, आणि इथे लोक हमखास घसरतात. वारशाने वस्तू आपली होते, पण ती जवळ बाळगण्याची परवानगी सहसा आपोआप मिळत नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो. माणूस गेला की घरात उरलेली बंदूक कायद्याच्या नजरेत कुणाची, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरतं. म्हणून आधी फोन करा आणि नंतर बंदूक हलवा, कारण गाडीत घालून पोलीस ठाण्यात नेणं हेसुद्धा बाळगणंच. विचारायचं एवढंच: किती दिवसांत कळवायचं, तोवर ती कुठे जमा करायची, वारसांपैकी कोण अर्ज करू शकतं. जमा केल्याची पावती घ्या आणि तिच्यावर अनुक्रमांक लिहिला आहे ना, तो बरोबर आहे ना, हे तिथेच उभं राहून वाचा. आमच्या पावतीवर एक आकडा चुकला होता. तो दुरुस्त करायला पुढे चार खेपा पडल्या.

बंदूक सुरक्षित जागी गेली की ती नेमकी आहे काय, हे शोधायला शांतपणे वेळ मिळतो. विक्रेत्याला नळ्या सुट्या करायला सांगा आणि त्यांच्या खालच्या सपाट भागाचे फोटो काढा. खरी कुंडली तिथे असते. इंग्लंडमध्ये नळ्यांची चाचणी घेऊन ठसे मारायची जुनी पद्धत आहे. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला, म्हणजे बंदूक बनवणाऱ्यांच्या संघाला, सनद मिळाली १६३७ साली, बर्मिंगहॅमचं चाचणीघर उभं राहिलं १८१३च्या कायद्याने. आमच्या बंदुकीवर अपूर्णांकासारखं वर १३ आणि खाली १ असं होतं. भावाने ठरवून टाकलं की ही १३ जानेवारी, आजोबांच्या लग्नाच्या आसपासची तारीख! तो नळीच्या आतल्या व्यासाचा आकडा निघाला. अशा बंदुकीचं माप बारा बोअर असं सांगतात, ते म्हणजे काय हेही मला तेव्हाच कळलं: नळीत बसेल एवढ्या शिशाच्या गोळ्या केल्या तर एका पौंडात बारा होतात.

बंदूक कधीकाळी वापरायचा विचार असेल तर त्या ठशांमध्ये काडतुसाच्या खोबणीची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबी शोधा. जुन्या इंग्लिश दुनळ्यांची खोबण बऱ्याचदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असते. हल्लीची बरीच काडतुसं पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरची. गंमत अशी, गंमत कसली, धोका असा, की मोठं काडतूस छोट्या खोबणीत आरामात बसतं. काडतुसाची लांबी मोजतात ती उडून तोंड उघडल्यानंतरची. बसलं म्हणून चाललं असं समजून माणूस चाप ओढतो, तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि आतला दाब वाढतो. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर ती बहुधा दमास्कस नळी, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून आणि जोडून केलेली. दिसते अप्रतिम. पण बारकाईने तपासून घेतल्याशिवाय तिच्यातून बार काढायचा नाही.

आता नाव. "खास कुणासाठी केलेली" म्हणताना आपण अक्षरांकडेच बघतो, पण बंदूक इतर मार्गांनीही माणसाची होते. नळ्यांवर सोन्यात १ किंवा २ असा आकडा जडवलेला दिसला तर थांबा. ती जोडीतली असू शकते आणि तिची बहीण दुसऱ्या कुणाच्या तरी घरात असेल. पेटी असेल तर ती टाकू नका. झाकणाच्या आत बनवणाऱ्याची चिठ्ठी असते आणि तिच्यावरच्या पत्त्यावरून काळ कळतो. फक्त बंदूक त्या पेटीत कायमची ठेवू नका, चामडं आणि अस्तर ओल धरतात आणि पोलाद गंजतं. आणि लाकूड बघा. आमच्या बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, वरून पाहिला तर किंचित डावीकडे कललेला होता. उजव्या खांद्यावर लावणाऱ्यासाठी तो उजवीकडे कलवतात. आजोबा डावखुरे होते. गरम तेलाने लाकूड नरम करून असा बाक देता येतो, आणि आत्याला ते करून आणल्याचं अंधुक आठवतही होतं.

अक्षरं होती दस्त्याच्या खालच्या कडेला, चांदीच्या लंबगोल तबकडीवर. मी भिंग लावलं आणि मला आधी हसू आलं, मग जरा वाईट वाटलं. तबकडी मधोमध खोल होती. नवी तबकडी मध्ये किंचित फुगीर असते, लाकडाच्या उतारासारखी. हिला बशीसारखा खळगा पडला होता आणि आजोबांच्या अक्षरांखाली, तिरपा उजेड धरला तर, दुसऱ्याच कुणाच्या अक्षराची एक शेपटी दिसत होती. आजोबांनी बंदूक जुनी घेतली होती. आधीच्या मालकाचं नाव घासून त्यांनी स्वतःचं घातलं होतं. ज्या नावाला हात लावू नये म्हणून आम्ही भांडत होतो, ते स्वतःच दुसऱ्याच्या नावावर बसलेलं होतं.

कोरलेलं पुसता येत नाही, हे माझ्या धंद्याचं पहिलं सत्य. अक्षर म्हणजे खड्डा. तो घालवायचा तर भोवतालचा सगळा धातू खड्ड्याच्या पातळीपर्यंत खाली आणावा लागतो. तबकडीवर हे परवडतं. नळ्यांमागच्या लोखंडी भागावर, ज्याला बंदूकवाले ॲक्शन म्हणतात, नाही परवडत. त्याची कडक केलेली साल पातळ असते, कानस लागली की निळे-तपकिरी रंग जातात आणि खालचं मऊ लोखंड उघडं पडतं. नळीवरचं नाव घासणं म्हणजे तर जिथे भिंत जाड हवी तिथेच ती पातळ करणं. अनुक्रमांकाच्या वाटेला जाऊच नका, तो खोडणं बहुतेक देशांत गुन्हा आहे. नव्यासारखं चकाकवून घेण्याचा मोहही आवरा. जाणकार गिऱ्हाईक घासलेली बंदूक लांबूनच ओळखतो.

नावाने किंमत वाढते का? प्रसिद्ध माणूस असेल आणि पुरावा असेल तर. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जनरल पॅटनच्या हस्तिदंती मुठीच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरवर त्याची आद्याक्षरं होती. १९१६ साली घेतलेलं ते रिव्हॉल्व्हर पुढे त्याची ओळखच झालं. तुमच्या-माझ्या आजोबांच्या अक्षरांनी बाजारात फारसा फरक पडत नाही, उलट कधी थोडी किंमत उतरते. बनवणाऱ्याचं नाव मात्र फरक पाडतं. कोल्ट, स्मिथ अँड वेसन या अमेरिकी बंदूक कंपन्यांच्या नोंदींतून अनुक्रमांकावरून पत्र मिळवता येतं. विंचेस्टरच्या बऱ्याच जुन्या नोंदी अमेरिकेत कोडी इथल्या संग्रहालयात आहेत. विकण्याआधी हे करा, नंतर विचारून उपयोग नाही.

मार्ग मोजकेच आहेत. घरात कुणाला परवाना असेल किंवा मिळत असेल तर त्याच्याकडे द्यावी. नसेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकावी. संग्रहालयाला द्यायची तर माणसाची गोष्ट, फोटो, पावत्या सोबत द्या आणि "कायम मांडून ठेवा" अशी अट घालू नका, बहुतेक जण अशी देणगी घेत नाहीत. निकामी करून भिंतीवर लावता येते, पण हे काम अधिकृत माणसाकडूनच होतं, परत फिरवता येत नाही आणि काही ठिकाणी निकामी बंदुकीलाही नोंद लागते. मला स्वतःला ते आवडत नाही, चांगल्या यंत्राचे डोळे शिवल्यासारखं वाटतं. घरात नकोच असेल, किंवा घरातलं कुणी मनाने खचलेलं असेल, तर पोलिसांकडे कायमची सोपवा आणि नावाचा विचारही करू नका. तबकडी हवी असेल तर ती आधी काढून मिळेल का, हे लेखी विचारा.

आमची बंदूक आत्तेभावाकडे गेली. तो हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेमबाजी करतो, परवाना आहे. कारागिराने नळ्यांची जाडी मोजली, अडीच इंची काडतुसंच वापरायची असं कागदावर लिहून दिलं. आत्तेभाऊ उजवा, म्हणजे दस्ता परत सरळ करावा लागणार होता. त्याआधी आम्ही मधोमध दोरा ताणून वरून फोटो काढला, आजोबांचा बाक त्यात नीट दिसतो. जुनी तबकडी कारागिराने अलगद काढली, ती आत्याच्या डबीत आहे. मी त्याच मापाची नवी केली, थोड्या जाड पत्र्याची, आणि कोरीच दिली.

सहा महिन्यांनी आत्तेभाऊ नुसती तबकडी घेऊन आला, म्हणाला आता माझी अक्षरं घाल. घातली. फार खोल गेले नाही, पुढच्याला घासायला सोपं जाईल इतपतच.