टू-स्ट्रोक जेट स्कीत तेल साचलंय? सेल्फ मारण्याआधी स्पार्क प्लग काढा

पावसाळाभर उभी असलेली जेट स्की रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर न्यायची म्हणून बाहेर काढली, बटण दाबलं आणि ‘कट्’ असा आवाज करून इंजिन अडलं, तर लगेच बॅटरीला दोष देऊ नका आणि पुन्हा सेल्फ तर मारूच नका. बऱ्याच मॉडेलमध्ये तेलाची टाकी पंपापेक्षा उंचावर असते. मधली झडप किंवा सील जुनं झालं की थेंब थेंब तेल खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, झिरपत राहतं आणि तिथून सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. सिलिंडर तेलाने भरलेला असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि अख्खं इंजिन उघडावं लागतं.

दुसरं कारण आपल्या सवयीत आहे. लुना आणि जुन्या स्कूटर चालवलेला हात पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल ओततोच. इंजिनाला तेलाचा स्वतंत्र पंप असेल तर असं केल्याने तेल जवळजवळ दुप्पट होतं.

काम मोकळ्या अंगणात, सावलीत करा. नागपूरच्या उन्हात पेट्रोलची वाफ झपाट्याने होते, म्हणून सीट काढून इंजिनाची जागा आधी हवेशीर होऊ द्या. जवळ बिडी-सिगारेट नको, अग्निशामक मात्र हवा.

सगळे प्लग काढा. त्यांच्या वायरच्या टोप्या इंजिनाजवळ दिलेल्या अर्थिंगच्या खुंट्यांवर बसवा. हे टाळलं तर ठिणगी उडून आग लागू शकते आणि इग्निशनचं युनिटही जळू शकतं. प्लगच्या भोकांवर जाड फडकं सैलसर टाका, तोंड लांब ठेवा, थ्रॉटल पूर्ण दाबा आणि सेल्फ पाच सेकंदच मारा. तेलाचा फवारा उडेल. स्टार्टर थंड होऊ द्या, मग पुन्हा मारा. भोकांतून नुसती हवा येईपर्यंत हे चालू ठेवा. घाई करू नका, इथे वेळ गेला तरी चालेल.

आता नवे प्लग लावा, टोकांमधली गॅप मॅन्युअलप्रमाणे. जमिनीवर, इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पाइप जोडून सुरू करायचं तर बहुतेक मॉडेलमध्ये आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केलं तर पाणी इंजिनात शिरू शकतं. सुरुवातीला दाट धूर येईल, घाबरू नका. एक्झॉस्टमधलं तेल जळायला वेळ लागतो. तळ्यात नेल्यावर काही वेळ हळू चालवा आणि जादा प्लगचा सेट सोबत ठेवा, पहिला सेट तेलाने माखण्याची शक्यता असते.

धूर कमी व्हावा म्हणून पंपाचं तेल मनाने कमी करू नका. पंपाच्या लिव्हरवरची खूण जुळते का, तेवढंच पाहा. तेल कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला धरतो, आणि तो खर्च धुरापेक्षा कितीतरी मोठा असतो. गाडी नुसती उभी असताना टाकीतली पातळी उतरत असेल तर झडप किंवा सील बदलून घ्या.

जेट स्कीच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी तळ्यात सोडू नका. डब्यात भरून, जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.