पहिलं नाटक लिहिताना या चुका टाळा: अभ्यास हवा, पण पात्रांच्या तोंडी नको

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी घेऊन एमए करणारी मुलं पहिली एकांकिका वाचायला देतात, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच कळतं, सध्या कोणत्या पेपरचा अभ्यास चाललाय. त्यात वाईट काही नाही. शिकलेलं पहिल्या लेखनात उतरणारच, उतरावंही. बिघडतं कुठे, तर तो अभ्यास पात्रांच्या तोंडून बोलायला लागतो तिथे.

एकमेकांना ठाऊक असलेलं सांगत बसणं

सीमाभागातल्या संहितांमधली ही सगळ्यात मोठी चूक. मुलगा पुण्याहून घरी येतो आणि वडील त्याला सांगतात, "१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, आपलं बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, पुढे १९६७ साली सीमावादावर महाजन आयोगानं अहवाल दिला..." सगळं बरोबर आहे, परीक्षेत लिहिलंत तर गुण मिळतील. पण मुलगा त्याच घरात वाढलाय! आणि बेळगावजवळच्या येळ्ळूर-कडोलीचा प्रेक्षक हे लहानपणापासून ऐकत आलाय.

इतिहास काढू नका, त्याची जागा बदला. आजोबांनी तालुक्याहून जमिनीचा उतारा आणलाय, तो कानडीत. वाचून दाखवायला कानडी शाळेत जाणारी नात. ती बोट ठेवून अडखळत पणजोबांचं नाव वाचते, ते चुकीचं छापलंय. आजोबा तिला दुरुस्त करतात. ती म्हणते, "इथं असंच लिहिलंय." आजोबा पुन्हा दुरुस्त करतात. एकही सनावळी न उच्चारता १९५६ रंगमंचावर उभं राहतं. तारखा तुम्हाला पाठ असल्या पाहिजेत, नाहीतर हा प्रवेश सुचणार नाही. अभ्यासाचं काम ते आहे.

सिद्धान्त आधी, माणसं नंतर

अस्तित्ववाद, म्हणजे माणूस स्वतःच्या निवडीतून घडतो आणि तिची जबाबदारीही त्याचीच हा विचार, शिकवून झाला की त्या वर्षीच्या एकांकिकांत एक तरुण खुर्चीवर बसून "मी कोण आहे?" विचारतो. याचा उतारा आपल्याला शेजारच्या धारवाडात सापडतो. कन्नड नाटककार गिरीश कर्नाडांनी १९५८ साली कर्नाटक कॉलेजातून गणित आणि संख्याशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि ऑक्सफर्डला जायच्या सुमारास 'ययाति' लिहिलं. त्यामागे पाश्चात्त्य नाटकांचं, अस्तित्ववादाचं वाचन आहे हे सगळेच मान्य करतात. पण ते वाचन नाटकात कुठे गेलं बघा. त्यांनी ययातीच्या मुलाला, पुरूला, चित्रलेखा ही बायको दिली. बापाचं म्हातारपण मुलानं घेतल्यावर ती सासऱ्यालाच विचारते, पुरूचं तारुण्य घेतलंत, तर मग माझ्या बाबतीतही त्याची जागा घ्या. आणि शेवटी विष घेते. निवड आणि तिची जबाबदारी हा अख्खा विचार त्या एका मागणीत आहे, त्यावर व्याख्यान कुणी देत नाही. पुढे १९६४ च्या 'तुघलक'मध्ये इतिहासाचं वाचन त्याहून दाट आहे. तरी सुलतानाच्या धोरणांचं काय होतं ते आपल्याला कळतं ब्राह्मणाचं सोंग घेतलेल्या अझीझ या धोब्याच्या लबाड्यांतून. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. धोरण वाचून कळतं, पण ते खाली पोचल्यावर कोण त्याचा कसा फायदा उठवतो हे नाटककारालाच दाखवावं लागतं.

तुमचा प्रवेश अडला असेल तर ज्या संकल्पनेसाठी तो लिहिताय ती पानाच्या वर लिहा आणि खोडा. मग विचारा: इथे कुणाला कुणाकडून काय हवंय, आणि ते नाही मिळालं तर त्याचं काय जाईल? उत्तर येत नसेल तर तो प्रवेश नाही, टिपण आहे.

लोककला शोभेपुरती

लोकसाहित्याचा पेपर झाला की सूत्रधार येतो, तमाशातला गण, म्हणजे सुरुवातीचं गणेशस्तवन, येतो. आपल्या जिल्ह्यात श्रीकृष्ण पारिजात या लोकनाट्याची परंपरा आहे, मोह होणारच. एक कसोटी लावा: तो बाज काढला तर गोष्ट तशीच उरते का? उरत असेल तर काढा. नाटककार सतीश आळेकर जीवरसायनशास्त्र शिकलेले. त्यांच्या १९७४ च्या 'महानिर्वाण'मध्ये मेलेला भाऊरावच कीर्तन करतो. कीर्तन काढलं तर हातात काहीच राहत नाही. त्याही आधी, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाचं शाकुंतल १८८० साली मराठीत उभं केलं, ते साकी, दिंडी या ओळखीच्या पद्यप्रकारांत आणि कानडी चालींवर. विद्या संस्कृतची, पण कान समोर बसलेल्यांचा.

भाषा

इथे दोन टोकं दिसतात. एक तर आजीसुद्धा पाठ्यपुस्तकासारखी बोलते, नाहीतर बोलीभाषेचं टिपण काढल्यासारखा प्रत्येक वाक्यात "गा" येतो. "कवा आलास गा?" एकदा आलं की पुरे, माणूस कळला. कानडी वाक्याला घाबरू नका. शेजारीण "ऊट आयता?" म्हणाली तर समोरच्याला "आत्ताच उठलो जेवून" म्हणू द्या, पुण्या-मुंबईच्या स्पर्धेतही अडणार नाही.

कंसातल्या सूचनांबद्दल एवढंच: "तो व्यवस्थेच्या दडपणाखाली वावरतो" हे नटाला करता येत नाही. "तो चप्पल दाराबाहेर काढतो, मग उचलून आत आणतो" हे करता येतं.

लिहून झाल्यावर सरांना दाखवण्याआधी घरात मोठ्यानं वाचा, साहित्याशी संबंध नसलेल्या माणसांसमोर. कुणी मध्येच "म्हणजे काय?" विचारलं तर समजावू नका, पेन्सिलीनं खूण करा आणि पुढे वाचा. स्पर्धेची मुदत जवळ आली असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी त्या खुणांच्या ओळी काढून पहिला प्रवेश पुन्हा लिहा.