एअर फिल्टरची घरगुती हीट शील्ड : पत्रा निवडताना या चुका टाळा

कंपनीचा बंद एअरबॉक्स (फिल्टरचा डबा) काढून उघडा, शंकूच्या आकाराचा ‘कोन’ फिल्टर लावला की इंजिनाचा आवाज भारदस्त होतो आणि पुष्कळांचं समाधान तिथेच होतं. पण आता फिल्टर बोनेटखालची तापलेली हवा ओढत असतो. ३५ अंशांऐवजी ६५ अंशांची हवा आत गेली, तर तेवढ्याच जागेत सुमारे ९ टक्के कमी हवा मावते. म्हणून फिल्टर आणि इंजिनामध्ये पत्र्याचा आडोसा, म्हणजेच हीट शील्ड हवी. मूळ एअरबॉक्स शाबूत असेल तर मात्र या खटाटोपात सहसा पडू नका. बहुतेक गाड्यांत तो बाहेरचीच हवा घेतो.

सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे एसीपी शीट. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे तिचे तुकडे स्वस्तात मिळतात, कटरने कापता येतात आणि दिसतात थेट ॲल्युमिनियमसारखे. पण ॲल्युमिनियमच्या दोन पातळ थरांमध्ये प्लास्टिक असतं, आणि स्वस्त शीटमध्ये ते बहुधा साधं पॉलिइथिलीन. ११० अंशांच्या आसपास ते वितळू लागतं, थर सुटतात, आणि ते पेटही घेतं. छताखाली लावायच्या चंदेरी बबल शीटची गतही तीच. ॲक्रिलिक साधारण १०५ अंशांना मऊ पडतं. थ्रीडी प्रिंटरची पीएलए (एक प्रकारचं प्लास्टिक) तर ६० अंशांनाच मान टाकते. इंजिन बंद केल्यावर बोनेटखाली साचणारी उष्णताही तिला झेपत नाही. ॲस्बेस्टॉसचा जुना सिमेंट पत्रा कापायचा विचारही नको, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. ग्लासवूल उघडं लावलं तर तेल-पाणी शोषतं, शिवाय त्याचे तंतू सुटून फिल्टरवर जाऊन बसतात.

‘ॲल्युमिनियम उष्णता पटकन वाहून नेतं, म्हणून स्टीलच घ्या,’ हा सल्ला हमखास मिळतो. अर्धवट खरा आहे. स्टेनलेस स्टीलपेक्षा ॲल्युमिनियम दहा पटींहून जास्त उष्णतावाहक आहे हे बरोबर, पण दीड मिलिमीटरच्या पत्र्यात दोन्हींचा अडथळा नगण्यच. फक्त १० मिलिमीटर स्थिर हवेचा थर त्या स्टीलच्या पत्र्यापेक्षा हजारो पट जास्त उष्णता अडवतो. म्हणजे शील्डचं खरं काम दोनच : मॅनिफोल्डकडून (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांकडून) येणारी धग परतवायची आणि गरम हवेचा झोत फिल्टरपासून दूर ठेवायचा. चकचकीत ॲल्युमिनियम पहिलं काम फार छान करतं. त्यावर ‘लुक’साठी काळा रंग मारला की ते धग परतवायचं सोडून शोषू लागतं. रंग हवाच असेल तर फिल्टरच्या बाजूला मारा. मॅनिफोल्डकडची बाजू चकचकीत ठेवा. पत्रा फिल्टरला किंवा इंजिनाला टेकवू नका, दोन्हीकडे मोकळी जागा सोडा.

जाडी १ ते १.५ मिलिमीटर पुरते. रिकाम्या तेलाच्या डब्याचा पत्रा फुकट असतो, पण खडखडून जीव नकोसा करतो. फॅब्रिकेटरकडे ॲल्युमिनियमची ५०५२ ग्रेड मिळाली तर उत्तम. ६०६१-टी६ मजबूत, पण काटकोनात वाकवताना घडीवर चिरते. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा मॅनिफोल्डपासून दूर असेल तर चालतो, मात्र त्याला वेल्डिंग करू नका, जस्ताचा धूर बाधतो. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर ॲल्युमिनियमला थेट स्टीलचे बोल्ट लावू नका. खारट दमट हवेत बोल्टभोवतीचं ॲल्युमिनियम गंजतं. मध्ये प्लास्टिकचा वॉशर टाका.

कापलेल्या कडेला रबर बीडिंग (कडेवर चढवायची रबरी पट्टी) बसवलीच पाहिजे. नाहीतर कंपनांनी कडा वायरिंगचं आवरण खाते, आणि पत्रा सुटून बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला लागला तर शॉर्टसर्किट ठरलेलं. वरची कड बोनेटला टेकेल अशी मऊ रबराची पट्टीही लावा. ती नसेल तर गरम हवा वरून आरामात आत शिरते.

सगळं करूनही फरक वाटत नसेल तर अंदाज बांधू नका. ओबीडी रीडरवर (गाडीच्या कंप्युटरला जोडून आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघा, त्याच रस्त्यावर, शील्ड लावून आणि काढून. सिग्नलला ते चढणारच. पण गाडी वेगात असतानाही खाली येत नसेल तर दोष पत्र्याचा नाही. शील्डच्या आत ताजी हवा यायला वाटच नाही. ग्रिलमागून एक जाड पाइप आत आणा. त्याचं तोंड हेडलाइटच्या उंचीवर ठेवा, बंपरखाली अजिबात नको : पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना इंजिनाने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनचे दांडे) वाकतात.