खिशात मावणारा पण दमदार कॅमेरा कसा निवडावा

मोबाइलपेक्षा सरस फोटो हवेत, पण लेन्सांची पिशवी खांद्यावर नको, अशांसाठी प्रगत कॉम्पॅक्ट कॅमेरे असतात. त्यांची लेन्स बदलता येत नाही आणि किंमतही कमी नसते. त्यामुळे निवड चुकली तर ती वर्षानुवर्षं सोसावी लागते.

दुकानात जाण्याआधी मोबाइलमधले आपलेच आवडते पन्नास फोटो उघडून बसा. त्यांत घरातले आणि दिवेलागणीचे किती, माणसांचे किती, लांबचं जवळ ओढून काढलेले किती, हे कागदावर लिहा. हाच कागद पुढे उपयोगी पडतो.

मग सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून चित्र बनवणारी चिप, बघा. साध्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा. ‘एक इंची’ सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या चौपट. (हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळीच्या मापावरून आलं, सेन्सर कुठूनही इंचभर भरत नाही.) एपीएस-सी नावाचा मोठा सेन्सर त्याच्याही तिप्पट. एक इंचीपेक्षा लहान घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मेगापिक्सेल वीस असले तरी भरपूर झाले.

आता लेन्स, आणि इथेच बहुतेकजण झूमच्या आकड्याला भुलतात. सोनी आरएक्स१०० मार्क ७ ची लेन्स २४ ते २०० मिलिमीटर पोचते (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), पण ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्सचं छिद्र, एफ २.८ पासून सुरू होऊन टोकाला ४.५ होतं; हा आकडा लहान तितका प्रकाश जास्त. कॅनन जी७ एक्स मार्क ३ शंभरावर थांबतो, मात्र १.८ पासून सुरू होतो. १.८ ला २.८ च्या सुमारे २.४ पट प्रकाश आत येतो. घरच्या गणपतीची संध्याकाळची आरती टिपायची तर हा फरक लगेच कळतो. म्हणून झूम जास्तीत जास्त ताणल्यावर ॲपर्चर किती उरतं, हे आवर्जून विचारा. कागदावर लांबचे फोटो दोनचारच असतील, तर झूम नसलेल्या कॅमेऱ्याचाही विचार करा. रिको जीआर ३ मध्ये एपीएस-सी सेन्सर आणि २८ मिलिमीटरइतकी रुंद नजर आहे, तरीही तो सदऱ्याच्या खिशात मावतो. बॅटरी मात्र एका चार्जवर दोनशेच्या आसपास फोटोंपुरतीच, तेव्हा जोडीला दुसरी घ्याच.

भर उन्हात मागचा स्क्रीन नीट दिसत नाही, त्यामुळे डोंगर-किल्ले फिरणाऱ्यांनी व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) असलेला कॅमेरा पाहावा. फुजीफिल्म एक्स१००व्हीआयमध्ये तो फारच सुरेख आहे. जी७ एक्समध्ये आणि जीआर ३ मध्ये नाही.

दुकानात आपलं मेमरी कार्ड घेऊन जा. काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यावर फोकस किती झटकन लागतो, तुमच्या अंगठ्याला बटणं सापडतात का, हे पाहा. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता ठरवणारं सेटिंग) १६०० आणि ३२०० ला ठेवून फोटो काढा, घरी मोठ्या स्क्रीनवर बघा आणि मगच पैसे मोजा. पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी लेखी मागा.

जुना घेत असाल तर झूम पूर्ण आत-बाहेर करून आवाज ऐका. मग ॲपर्चर एफ ११ च्या आसपास ठेवून पांढऱ्या भिंतीचे दोन-तीन फोटो काढा. प्रत्येक फोटोत त्याच जागी करडा ठिपका आला, तर आत धूळ गेली आहे. लेन्स निघत नसल्याने ती घरी साफ करता येत नाही, तेव्हा तो कॅमेरा परत ठेवा.