शेअर्ड होस्टिंगवरील संकेतस्थळाची सेशन्स कशी सांभाळावीत

नाशिकच्या पंचवटीतील एखादे लॉज किंवा गंगापूर रोडवरील घरगुती निवास खोल्यांच्या नोंदणीसाठी स्वतःचे संकेतस्थळ करून घेते, तेव्हा ते बहुधा पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेले असते आणि खर्च कमी म्हणून शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक संकेतस्थळांच्या सामाईक सर्व्हरवर, ठेवलेले असते. आता असे समजा, की 2026-27 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नागपूरचे एक कुटुंब तेथे खोली नोंदवत आहे. आठ जणांची नावे आणि वये भरता भरता मध्येच मामांना फोन करावा लागतो, रेल्वेची वेळ पाहावी लागते, आणि अर्ध्या तासाने ‘पुढे’ हे बटण दाबताच समोर पुन्हा लॉगइनचे पान उभे राहते. भरलेली सगळी माहिती गेलेली असते. असा माणूस अर्ज पुन्हा भरण्याऐवजी दुसरे लॉज शोधतो, म्हणून हा प्रश्न केवळ तांत्रिक मानू नये.

यामागचे कारण आधी समजून घ्यावे. पीएचपी प्रत्येक पाहुण्याचे सेशन, म्हणजे लॉगइनसारखी त्या भेटीपुरती लक्षात ठेवायची माहिती, सर्व्हरवर एका छोट्या फाइलीत ठेवते आणि त्या फाइलीचा क्रमांक कुकीच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये राहणाऱ्या छोट्या नोंदीच्या, रूपाने ब्राउझरकडे देते. फाइलीचे मूळ आयुष्य 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटे असते. पाहुणा अर्ज भरत असला तरी सर्व्हरकडे काहीच पोहोचत नसल्यामुळे तेवढा वेळ तो निष्क्रिय धरला जातो. शेअर्ड होस्टिंगवर आणखी एक अडचण संभवते. अनेक संकेतस्थळांच्या सेशन फाइली एकाच सामाईक टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये राहत असतील, तर ज्या संकेतस्थळाने सर्वांत कमी मुदत ठरवलेली असते, त्याची साफसफाई सर्वांनाच लागू होते. आपण मुदत दोन तास केली आणि शेजाऱ्याने दहा मिनिटे ठेवली, तर आपली सेशन्सही दहा मिनिटांनंतर केव्हाही पुसली जाऊ शकतात. काही होस्टिंग कंपन्या प्रत्येक खात्याला वेगळे टेम्प फोल्डर देतात, परंतु ते गृहीत धरू नये.

म्हणून पहिली पायरी तपासणीची. पीएचपीची सर्व माहिती दाखवणारी एक छोटी फाइल तयार करून ती ब्राउझरमध्ये उघडावी आणि सेशनच्या भागात ‘सेव्ह पाथ’ (फाइली कोठे राहतात) व ‘जीसी मॅक्स लाइफटाइम’ (त्यांची मुदत) या दोन नोंदी पाहाव्यात. काम होताच ती फाइल काढून टाकावी, कारण ती सर्व्हरची बरीच माहिती उघड करते.

दुसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: सेशनसाठी स्वतःचे फोल्डर. सीपॅनल या होस्टिंगच्या नियंत्रण पानावरील फाइल मॅनेजरमध्ये हे फोल्डर पब्लिक एचटीएमएल या सर्वांना खुल्या फोल्डरच्या बाहेर तयार करावे आणि त्याची परवानगी 700 ठेवावी, म्हणजे ते ब्राउझरमधून उघडता येणार नाही आणि सर्व्हरवरील इतर सामान्य खात्यांनाही वाचता येणार नाही. त्यानंतर पीएचपीची मांडणी बदलणाऱ्या ‘पीएचपी आयएनआय एडिटर’मध्ये सेव्ह पाथ म्हणून या फोल्डरचा पूर्ण पत्ता द्यावा आणि मुदत 7200 सेकंद करावी. ती सोय नसेल, तर कोडमध्ये सेशन सुरू होण्यापूर्वी हे दोन्ही ठरवता येते. बदल लागू होण्यास काही मिनिटे लागू शकतात. नंतर लॉगइन करून नव्या फोल्डरमध्ये ‘सेस’ने सुरू होणारी फाइल आली का, ते पाहावे.

येथे बहुतेक जण थांबतात, आणि काही महिन्यांनी फोल्डरमध्ये हजारो जुन्या फाइली साचतात. पीएचपीची साफसफाई ठरलेल्या वेळी होत नाही. मूळ मांडणीत ती शंभरातून एखाद्या वेळी चालते. काही सर्व्हरवर ही शक्यता शून्य केलेली असते आणि सर्व्हरची स्वतंत्र सफाई फक्त मूळ फोल्डरपुरती असते. शेअर्ड होस्टिंगवर फाइलींच्या संख्येला मर्यादा असल्यामुळे क्रॉन जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे काम, लावून मुदत उलटलेल्या फाइली रोज पुसाव्यात. याच कारणाने मुदतीचा निर्णय साफसफाईवर सोपवू नये: शेवटच्या हालचालीची वेळ सेशनमध्येच नोंदवावी आणि प्रत्येक पानावर कोडनेच ती तपासावी.

पुढे सुरक्षितता. कुकीला ‘सिक्युअर’ (फक्त सुरक्षित जोडणीवरून जाते), ‘एचटीटीपी ओन्ली’ (पानावरील स्क्रिप्टला वाचता येत नाही) आणि ‘सेमसाइट लॅक्स’ (दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या बहुतेक विनंत्यांसोबत जात नाही) हे तीन गुणधर्म द्यावेत आणि सर्व्हरने न दिलेला सेशन क्रमांक नाकारणारा स्ट्रिक्ट मोड चालू करावा. पासवर्ड जुळताच सेशनचा क्रमांक बदलावा, नाहीतर आधीपासून क्रमांक माहीत असलेली व्यक्ती त्याच सेशनमध्ये शिरू शकते. लॉगआउट करताना सेशनमधील माहिती, कुकी आणि सर्व्हरवरील फाइल या तिन्ही गोष्टी काढाव्यात. सेशनमध्ये ग्राहकाचा क्रमांक पुरेसा असतो. पाहुण्यांचे आधार क्रमांक तेथे कधीही ठेवू नयेत.

लॅक्समुळे एक पेच निर्माण होतो. पैसे भरून झाल्यावर पेमेंट गेटवे पाहुण्याला पोस्ट पद्धतीने, म्हणजे साध्या दुव्याऐवजी अर्ज सादर केल्यासारखे, परत पाठवत असेल, तर ब्राउझर त्या विनंतीसोबत आपली कुकी पाठवत नाही. पैसे कापले गेलेले असतात आणि संकेतस्थळ मात्र त्याला ओळखत नाही. यावर उपाय म्हणून कुकी सैल करू नये. गेटवेकडे पाठवण्यापूर्वीच नोंदणी डेटाबेसमध्ये ‘प्रलंबित’ म्हणून जतन करावी आणि परतल्यावर ऑर्डर क्रमांक व गेटवेची स्वाक्षरी तपासून ती पक्की करावी. लांब अर्जालाही हाच न्याय लावावा: तो तीन पानांत विभागून प्रत्येक पान डेटाबेसमध्ये जतन केले, की सेशन संपले तरी लॉगइननंतर पाहुण्याला अर्ज जेथे थांबला तेथूनच पुढे नेता येतो.

शेवटी चाचणी घ्यावी, आणि ती ऑफिसच्या संगणकावर न घेता मोबाइलवर घ्यावी. अर्ज अर्धा भरून फोन पाऊण तास बाजूला ठेवावा, मग पुढचे पान उघडावे. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय असे दोन्ही पत्ते उघडून पाहावेत. दोन्ही स्वतंत्रपणे चालत असतील, तर एकावर केलेले लॉगइन दुसऱ्यावर सहसा ओळखले जात नाही, म्हणून एक पत्ता दुसऱ्याकडे वळवून घ्यावा.