‘डॉक्टर हू’ पाहताना चाहत्यांच्या मतांचा उपयोग कसा करावा

बीबीसीवर 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेविषयी चाहत्यांचे एकमत होणे जवळजवळ अशक्य आहे, आणि त्याचे कारण मालिकेच्या रचनेतच आहे. 1966 मध्ये विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन आले, तेव्हा नायकाचा, म्हणजे ‘डॉक्टर’चा, देहच पालटतो अशी युक्ती योजली गेली. पुढे नटाबरोबर कथेचा सूरही बदलत गेला. म्हणून कोणतेही मत मनावर घेण्यापूर्वी ते मांडणाऱ्याने मालिका कोणत्या डॉक्टरपासून पाहायला घेतली, हे आधी विचारावे. 1974 ते 1981 या काळातील टॉम बेकर यांच्यावर वाढलेल्या प्रेक्षकाने 2005 मध्ये मालिका नव्याने सुरू झाल्यानंतरच्या भावनाप्रधान कथांना नाक मुरडले, तर त्यात नवल नाही.

नवख्याने 2005 च्या पहिल्या भागापासून सुरुवात करावी. तिथे सारे डॉक्टरची सोबती होणाऱ्या रोझच्या नजरेतून उलगडते, त्यामुळे पूर्वज्ञान लागत नाही. 2007 च्या ‘ब्लिंक’ या भागाची शिफारस हमखास होते. भाग उत्तमच आहे, पण त्यात डॉक्टर फार थोडा वेळ दिसतो, तेव्हा केवळ त्यावरून मालिकेची पारख करू नये.

जुन्या मालिकेत एकेक कथा बहुधा अनेक भागांत विभागलेली असते. ती सलग पाहिल्यास रेंगाळते, आणि ‘जुने फार संथ आहे’ ही तक्रार बरेचदा तिथूनच निघते. रोज एकच भाग पाहावा. साठच्या दशकातील अनेक भागांच्या चित्रफिती बीबीसीनेच पुसून टाकल्या, त्यामुळे त्या भागांविषयीची ठाम मते, ध्वनिमुद्रणे उपलब्ध असली तरी, जरा हात राखूनच स्वीकारावीत.